चिठ्ठी नागपूरची, उत्तर गावाकडचे

आमच्या समुद्रपूर तालुक्यातून शाळेची सहल नागपूरला निघाली की तिची वाट आधीच ठरलेली असते. रामन विज्ञान केंद्र, महाराजबाग, फुटाळा तलाव, दीक्षाभूमी आणि परतीच्या वाटेवर बुटीबोरीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी जेवण. मुले बसमधून उतरतात, रांग लावतात, फोटो काढतात आणि पुन्हा बसमध्ये चढतात. घरी गेल्यावर काय पाहिले असे कोणी विचारले, तर बहुतेकांच्या तोंडी मॉल आणि मेट्रो ही दोनच नावे येतात. त्यात मुलांचा काही दोष नाही. ज्या गोष्टीकडे पाहण्याचे कारणच कोणी दिले नाही, तिच्याकडे मुलांनी का पाहावे?

म्हणून यंदा आठवी आणि नववीसाठी आम्ही सहलीचा शोधखेळ केला. मुलांचे गट करायचे, प्रत्येक गटाच्या हाती चिठ्ठ्या द्यायच्या आणि चिठ्ठीतल्या खुणेवरून शहरातली जागा शोधून तिथले उत्तर लिहून आणायचे, अशी ही साधी योजना. इंटरनेटवर अशा खेळांच्या तयार प्रश्नपत्रिका पुष्कळ मिळतात आणि त्यांतल्या काही आम्ही चाळूनही पाहिल्या. पण ‘संत्रानगरी कोणत्या शहराला म्हणतात?’ किंवा ‘महाराष्ट्राची उपराजधानी कोणती?’ असल्या प्रश्नांसाठी कोणी एसटीचे तिकीट काढून नागपूरला जाण्याची गरज नाही. तेव्हा गणिताच्या सरांनी आणि मी मिळून दोन अटी घातल्या. पहिली अशी की, उत्तर त्या जागी उभे राहून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय मिळता कामा नये. दुसरी अट माझी होती आणि तिच्यावरून शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चाही झाली. प्रश्न शहराचा असला, तरी त्याचे उत्तर शेवटी कुठल्यातरी गावात, शक्यतो विदर्भातल्या गावात, जाऊन पोहोचले पाहिजे, असा माझा आग्रह होता. शहर म्हणजे आपल्याला दाखवायला ठेवलेली दुसऱ्या कोणाची तरी मालमत्ता आहे, ही आमच्या मुलांच्या मनातली समजूत मला मोडायची होती.

ही अट ऐकायला अवघड वाटते, पण नागपूरच्या बाबतीत ती पाळणे फारसे जड गेले नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 मध्ये हे नगर वसवले, ते मुळात बारा गावे एकत्र करून. त्यांतली हिवरी, सक्करदरा, लेंड्रा, फुटाळा, भानखेडा ही नावे आजही शहरात नांदत आहेत. पहिली चिठ्ठी याच गोष्टीवर होती आणि तिच्यासाठी कुठे जाण्याचीही गरज नव्हती. शहर बसच्या थांब्यावर उभे राहून बसच्या पाट्या, दुकानांचे फलक आणि दिशादर्शक खांब वाचायचे व त्यांतून जुन्या गावांची नावे वेचायची. एका गटाने ‘फुटाळा’ हे नाव लिहिल्यावर त्यांच्यातली एक मुलगी मला म्हणाली, “मॅडम, म्हंजे हे लोकं बी पहिले खेड्यातलेच होते तं!” माझ्या अटीचे समर्थन मला याहून थोडक्यात करता आले नसते.

खेळाचे क्षेत्र आम्ही मुद्दाम लहान ठेवले होते. झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, विधानभवन, सीताबर्डीचा किल्ला, अजब बंगला आणि रेल्वे स्थानक या सगळ्या जागा पायी हिंडण्याच्या टप्प्यात येतात. प्रत्येक गटासोबत एक शिक्षक किंवा एक पालक होता आणि रस्ता ओलांडण्याचा निर्णय फक्त त्यांनीच घ्यायचा, असे ठरले होते. ज्या मुलांनी गावात एका वेळी एकापेक्षा जास्त ट्रक क्वचितच पाहिले आहेत, त्यांना बर्डीच्या चौकात मोकळे सोडता येत नाही. मोबाइल केवळ मोठ्यांजवळ होता. उत्तरपत्रिकेत ‘हे उत्तर तुम्हाला कोणी सांगितले?’ असा एक रकाना होता आणि खरे गुण तिथे होते.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो झिरो माइलवर. चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब असलेली ही जागा पाठ्यपुस्तकांमुळे आणि व्हॉट्सअ‍ॅपमुळे मुलांना आधीच ठाऊक होती आणि ‘हा भारताचा मध्यबिंदू’ हे वाक्य सगळ्यांना पाठ होते. आमची चिठ्ठी त्या वाक्यालाच हात घालणारी होती. खांबाच्या षटकोनी पायावर गावांची नावे आणि मैलांतली अंतरे कोरलेली आहेत. त्यांतले हैदराबाद आणि जबलपूर शोधा, त्यांची अंतरे किलोमीटरमध्ये करा आणि तिथल्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची जी उंची फुटांत दिली आहे ती मीटरमध्ये लिहा, असे त्या चिठ्ठीत सांगितले होते. हैदराबाद 318 मैल, म्हणजे सुमारे 512 किलोमीटर. जबलपूर 170 मैल, म्हणजे सुमारे 274 किलोमीटर. आणि उंची 1020.171 फूट, म्हणजे जवळजवळ 311 मीटर. मुले खांबाभोवती गुडघ्यांवर बसून, बोटाने अक्षरे चाचपत आकडे उतरवून घेत होती. दशांशचिन्हानंतरचे तीन आकडे पाहून एकाने विचारले की, इतकी बारीक उंची त्या काळी मोजली तरी कशी? हा प्रश्न यावा म्हणूनच ती चिठ्ठी लिहिली होती.

हा दगड 1907 सालचा असून तो भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला आहे. त्या सर्वेक्षणाची सुरुवात 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने केली. रीत अशी की, जमिनीवर एक सरळ रेषा अतिशय काटेकोरपणे मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या ठळक खुणेकडे पाहून दोन कोन घ्यायचे आणि उरलेली दोन अंतरे गणिताने काढायची. मग त्या काढलेल्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा, असे करत सगळा देश त्रिकोणांनी विणून काढायचा. कोन मोजण्याचे त्यांचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते आणि ते टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवावे लागे. सहलीच्या आधी सरांनी हा प्रयोग शाळेच्या मैदानावर करून घेतला होता. दहा मीटरचा दोर ताणून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या, मोठ्या कोनमापकाने गावच्या पाण्याच्या टाकीकडचे कोन घेतले, वहीवर प्रमाणात त्रिकोण काढला आणि टाकीचे अंतर काढून मग ते टेपने प्रत्यक्ष पडताळले. उत्तरात थोडा फरक आला, पण मुलांना तो फरकच अधिक मोलाचा वाटला. दोर सैल होता की कोन चुकला, यावर दोन तास वाद झाला.

आता चिठ्ठीचे दुसरे टोक. हा लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना 20 जानेवारी 1823 रोजी वारला, तो आमच्या शेजारच्या हिंगणघाटात. त्याची कबर तिथेच आहे. त्याचे अर्धवट राहिलेले काम त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे नेले आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराला पुढे त्याचेच नाव मिळाले. हिंगणघाट म्हणजे आमच्या मुलांसाठी बाजाराचे, दवाखान्याचे आणि कापूस विकण्याचे गाव. देश मोजायला निघालेला माणूस तिथे येऊन थांबला, हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. ‘नागपूरला पोहोचण्याआधी तो कोणत्या गावी थांबला?’ हा प्रश्न मात्र एकाही गटाला तिथे कोणाला विचारून सोडवता आला नाही. झिरो माइलजवळच्या चहावाल्यापासून वाहतूक पोलिसापर्यंत सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. एका गटाने रकान्यात लिहिले आहे : ‘पोलीस काकांना माहीत नव्हते. त्यांनी आम्हालाच विचारले.’ शेवटी सरांनी ते उत्तर तिथेच उभे राहून सांगितले आणि सगळ्यांना सारखे गुण दिले.

मध्यबिंदूचा प्रश्न आम्ही शाळेत परतल्यावर सोडवला. खांबावर नोंदलेल्या गोष्टी मोजणीच्या आहेत. तो इंग्रजांच्या काळच्या अखंड भारतातला दगड आहे आणि 1947 नंतर देशाचा आकारच बदलल्यामुळे मध्य जागच्या जागी राहणे शक्य नव्हते. शिवाय एवढ्या वाकड्यातिकड्या आकाराचा मध्य काढायचा कसा, हाही एक प्रश्नच आहे. त्यासाठी मुलांनी पुठ्ठ्यावर भारताचा नकाशा कापला, कडेला वेगवेगळ्या ठिकाणी टाचणी टोचून तो टांगला आणि प्रत्येक वेळी ओळंबा सोडून रेघ मारली. रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे त्या आकाराचा गुरुत्वमध्य असतो. रेघा छेदल्या त्या मध्य प्रदेशात. नववीतले काही जण यामुळे जरा नाराज झाले, पण नागपूरचा मान त्यामुळे कमी होतो असे मला तरी वाटत नाही. माझ्या दृष्टीने मध्यबिंदूच्या अभिमानापेक्षा तो 1020.171 हा आकडा कितीतरी मोठा आहे.

रेल्वे स्थानकाची चिठ्ठी एका वाक्याची होती : ‘ही इमारत कोणत्या गावच्या दगडात उभी आहे?’ नागपूरला रेल्वे आली 1867 मध्ये. आजच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन 15 जानेवारी 1925 रोजी झाले आणि तिचा दगड सावनेरचा आहे. सावनेर हे नागपूर जिल्ह्यातलेच गाव. मुले इमारतीसमोर माना वर करून उभी होती, तेव्हा एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याने विचारले, “काय पाह्यता रे पोट्टेहो, टेसन नाही पाह्यलं का कधी?” मुलांनी प्रश्न सांगितला, तसा तो रिक्षातून उतरला, भिंतीजवळ गेला आणि दगडावर थाप मारून म्हणाला, “हा गोटा सावनेरचा हाय. आमच्याकडला.” मग त्याने मुलांना हाताने दगड चोळून पाहायला लावला, बोटांना लागलेली बारीक रेती दाखवली आणि पावसाने झिजलेल्या कडा कुठे आहेत तेही दाखवले. त्या गटाने रकान्यात ‘सावनेरचे रिक्षावाले आजोबा’ असे लिहिले. त्या चिठ्ठीचे सगळ्यांत जास्त गुण त्यांनाच मिळाले.

एम्प्रेस मिलची चिठ्ठी तशी सोपी होती. जमशेदजी टाटांनी ही गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि गिरणीला नाव मिळाले. गिरणी मुंबई सोडून नागपूरला का काढली, हा प्रश्न होता. कापसाच्या घरात मुले वाढलेली असल्यामुळे उत्तर कोणालाच शोधावे लागले नाही. रेल्वे येण्याआधी आमच्या भागातला कापूस बैलांच्या पाठीवर थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे, हे मी सांगितले तेव्हा मात्र आठवीतल्या एकाने लगेच भाव विचारला. आज तिथे एम्प्रेस नावाचा मॉल आहे आणि मुलांना मॉल पाहायचाच होता, त्यामुळे या चिठ्ठीवर कोणाची तक्रार आली नाही.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून तो वर्षातून अगदी मोजक्या दिवशी लोकांसाठी खुला होतो. आम्ही तो खालूनच पाहिला. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी इथल्या दोन टेकड्यांवर अप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. अप्पासाहेब हरले, पुढच्या वर्षी इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि पचमढीच्या महादेव डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. आमच्या गावातून दरवर्षी खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडच्या यात्रेला माणसे जातात, त्यामुळे हा डोंगर मुलांना किल्ल्यापेक्षा जवळचा निघाला. विधानभवनासमोर फार वेळ थांबता आले नाही. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराचा मान राखून इथे हिवाळी अधिवेशन भरते, एवढे सांगून पुढे निघालो. कापसाच्या भावासाठी मोर्चे इथेच का येतात, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अजब बंगल्यात माझा स्वतःचा जीव अधिक रमला. हे मध्यवर्ती संग्रहालय 1863 सालचे आहे आणि आजही जुने नागपूरकर त्याला अजब बंगलाच म्हणतात. अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनी या खेड्यात जमिनीखाली सापडलेल्या जैन धातुमूर्ती या संग्रहालयात आहेत. ‘ज्या गावच्या मूर्ती नागपूरला आल्या आणि ज्याचे नाव एका दमात म्हणता येत नाही, ते गाव शोधा’ अशी चिठ्ठी होती. पेंढा भरलेल्या जनावरांच्या दालनात मुले इतकी अडकून पडली की, मूर्तींपर्यंत तीनच गट पोहोचले. त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारून गावाचे नाव मिळवले आणि मग परतीच्या बसमध्ये ‘खिनखिनी’ हा शब्द वेगाने म्हणण्याची स्पर्धा लावली. एका मुलीने विचारले की, मूर्ती गावात सापडल्या, तर त्या गावातच का ठेवल्या नाहीत? सुरक्षितता, अभ्यास, सरकारी कायदा अशी जी उत्तरे मला सुचली ती मी दिली. तिला ती पटली नाहीत आणि खरे सांगायचे तर मलाही ती पूर्णपणे पटलेली नाहीत.

दोन जागा आम्ही गुणांच्या बाहेर ठेवल्या होत्या. झिरो माइलच्या परिसरातच गोवारी शहीद स्मारक आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसे मरण पावली. त्यांत बायका आणि लहान मुलेही होती. बर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. आमच्या वर्गात गोवारी घरांतली मुले आहेत आणि गावची गुरे राखण्याचे काम अजून त्यांच्याच काही घरांकडे आहे. इथे चिठ्ठी दिली नाही, शर्यत थांबवली आणि सगळे गट एकत्र आणले. माहिती मी सांगायला सुरुवात केली होती, पण नववीतल्या एका मुलाने ती पुढे नेली. त्याच्या घरी हा दिवस दरवर्षी पाळला जातो आणि मोर्चा कोणत्या मागणीसाठी होता, अनुसूचित जमातीच्या सवलतींचा प्रश्न काय होता, हे त्याला माझ्यापेक्षा नेमके ठाऊक होते.

दुसरी जागा दीक्षाभूमी. खेळ संपल्यावर आम्ही तिथे बसने गेलो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी इथे बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायासह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आजच्या भव्य स्तूपाचे उद्घाटन 18 डिसेंबर 2001 चे. दसऱ्याला आमच्या गावातून भाकरी-चटणी बांधून इथे जाणाऱ्यांची संख्या पाहता, ही जागा शोधून काढण्याची मुळीच गरज नव्हती. तिथे एका गटाने ‘मॅडम, इथली चिठ्ठी?’ असे विचारले. नाही, असे मी सांगितले आणि मुले बोधिवृक्षाभोवती आपल्या मनाने फिरली.

गुणांची बेरीज झाल्यावर वाद व्हायचा तो झालाच, कारण दोन गट बरोबरीत आले होते. बरोबरी फोडण्यासाठी सरांनी नवी चिठ्ठी काढली : आता तुम्ही आपल्या गावासाठी एक चिठ्ठी लिहा, अशी की, नागपूरच्या एखाद्या शाळेतली मुले आली तर त्यांना ती इथे फिरून सोडवावी लागेल. नियम तेच, म्हणजे उत्तर बसल्या जागी मिळता कामा नये. मजा अशी की, इतर गटांनीही न सांगता चिठ्ठ्या लिहून आणल्या. बऱ्याच चिठ्ठ्या शाळा, ग्रामपंचायत आणि पाण्याची टाकी यांच्याभोवतीच फिरत होत्या. एक मात्र वेगळी होती. वेशीजवळच्या मारोतीच्या पाराला लावलेल्या दगडांत एकच दगड काळसर नसून पिवळट आहे. तो कुठून आला, असा तिच्यात प्रश्न होता. लिहिणाऱ्याचे उत्तर असे की, वणा नदीवरच्या जुन्या पुलाच्या कामातून उरलेला तो दगड त्याच्या पणजोबांनी बैलगाडीतून आणला. आम्ही पडताळून पाहायला गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे गेलो, तर एकाने तो पडक्या वाड्याचा सांगितला आणि दुसऱ्याने थेट सावनेरचा. गुण अजून दिलेले नाहीत. त्या मुलाचा मामा हिंगणघाटला गवंडीकाम करतो. येत्या रविवारी दोघे मिळून तो दगड पाहणार आहेत. त्यानंतर निकाल लागेल, असे सरांनी फळ्यावर लिहून ठेवले आहे.